आरडीवाली डिटेक्टिव्ह आणि बेपत्ता प्रधान काका

कादंबरी कुठवर आली असं जो भेटेल तो विचारतो आणि मी दरवेळी "चाललंय, चाललंय" म्हणून सटकते, तर आज एकदाच सगळं लिहून टाकते म्हणजे गोखले रोडवर भर गर्दीत थांबून परत तीच कहाणी नको. तर कादंबरी हलकीफुलकी रहस्यकथा आहे, डिटेक्टिव्ह बाई आहे, खासगी, म्हणजे पोलिसातली नाही, सगळं ठाणे शहरात घडतं आणि खून नाहीये. हे शेवटचं ऐकलं की लोकांचे चेहरे पडतात. खून नाही? मग रहस्य कसलं? ऑफिसमधल्या पोरांना तर खूनच काय, सिरियल किलर पाहिजे, तो पण येऊरच्या जंगलात, पावसात. तुम्ही लिहा ना मग.

माझी डिटेक्टिव्ह कुंदा टिपणीस. वय चौपन्न, नौपाड्यात राहते, गुडघे दुखतात, कॉटनच्या साड्या, खांद्याला मोठी पर्स. तिशीतली, स्कूटीवरून भुर्रकन जाणारी, गॉगलवाली डिटेक्टिव्ह मला नकोच होती, कारण अशी बाई रस्त्यात दिसली की अख्खी गल्ली वळून बघते आणि जिच्याकडे गल्ली वळून बघते ती पाळत कशी ठेवणार? चौपन्न वर्षांच्या बाईकडे कोणी बघत नाही. भाजीच्या पिशवीतून कोथिंबीर बाहेर डोकावत असली की संपलंच, ती तासभर एखाद्या गेटसमोर उभी राहिली तरी लोकांना वाटतं रिक्षा मिळत नसेल बिचारीला.

आता हिने आधी काय काम केलेलं असावं यावर माझं बरेच दिवस अडलं होतं. रिटायर्ड शिक्षिका म्हटलं की सगळं ठाणं तिला बाई बाई म्हणून नमस्कार करणार, म्हणजे गुप्तपणा गेला. बँकेतली म्हटलं तर ती काउंटरच्या आत, लोकांच्या घरात कुठे जाणार. आणि मग एकदा घरी आमच्या पोस्टाच्या बाई आल्या, आरडीचा, म्हणजे रिकरिंग डिपॉझिटचा, हप्ता न्यायला, आणि पाणी पिता पिता त्यांनी मला खालच्या मजल्यावरच्या मुलाचं लग्न मोडल्याचं, समोरच्या विंगमधल्या काकूंचं डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलल्याचं आणि आमच्याच भाजीवाल्याने दिव्याला फ्लॅट घेतल्याचं सांगितलं. पाच मिनिटांत. अजून कोणती डिटेक्टिव्ह शोधत बसलेय मी?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पोस्टाच्या आरडीसाठी महिला एजंट असतात, महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना असं त्याचं लांबलचक नाव आहे. दर महिन्याला घरोघरी जायचं, हप्ता घ्यायचा, पोस्टात भरायचा, शंभर रुपयांमागे चार रुपये कमिशन. आरडी पाच वर्षांची, म्हणजे साठ हप्ते. म्हणजे बघा, एक बाई पाच वर्षं दर महिन्याला तुमच्या दारात येते, आणि मुदत संपली की लोक पुन्हा उघडतात, मग अजून पाच वर्षं. तिला कळतं की या घरात हप्ता एक तारखेला मिळतो आणि त्या घरात आता वीस तारखेनंतर मिळायला लागलाय. लागोपाठ हप्ते चुकले, तेही चार, की खातं बंद पडतं, म्हणजे कोणाच्या घरात पैशाची ओढाताण आहे हे नवऱ्याच्या आधी हिला ठाऊक. बायकांनी नवऱ्याला न सांगता काढलेली आरडी असते ती वेगळीच. इतकी माहिती कुठल्या डिटेक्टिव्ह ट्रेनिंगमध्ये मिळाली नसती.

तर कुंदाने वीस वर्षं आरडी गोळा केली आणि मग खासगी चौकशा सुरू केल्या. बोर्ड मात्र अजून "अल्पबचत एजंट" असाच आहे, कारण नौपाड्यात जिन्यावर "डिटेक्टिव्ह" असा बोर्ड लावला तर गिऱ्हाईक वर येईल का सांगा मला. जो वर चढताना दिसेल त्याच्याबद्दल संध्याकाळपर्यंत तलावपाळीवर चर्चा. म्हणून गिऱ्हाईक येतं ते आरडी उघडायला आल्यासारखं, फॉर्म समोर ठेवतं आणि मग हळूच म्हणतं, "जरा एक काम होतं." काही जण लाजेकाजेस्तव आरडी पण उघडतात. त्याचं कमिशन वेगळं.

लायसन्सचं काय असं मला एका वकील मैत्रिणीने विचारलं आणि मी वाचायला घेतलं तर मजाच निघाली. आपल्याकडे सोसायटीला वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला लायसन्स लागतं, त्यासाठी २००५ चा केंद्राचा कायदाच आहे, पण खासगी डिटेक्टिव्हसाठी असा कायदाच नाही. २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं होतं, त्याचा कायदा काही झाला नाही. म्हणजे कुंदाच्या बिल्डिंगचा वॉचमन जिथून येतो ती एजन्सी सरकारमान्य आणि कुंदा मात्र अशीच, आपली आपण. हे मी कादंबरीत वॉचमनच्याच तोंडी टाकलंय, तो तिला सारखा ऐकवतो. अर्थात लायसन्स नाही म्हणजे रान मोकळं असं नाही हां. फोन टॅप करणं गुन्हा, कोणाचे कॉल रेकॉर्ड काढणं हे तपास यंत्रणांचं काम, खासगी माणसाने मागच्या दाराने मिळवले तर तो आत जातो, आणि सरकारी माणूस असल्याची बतावणीही करता येत नाही. त्यामुळे कुंदा मोलकरीण बनून कोणाच्या घरात शिरू शकते पण मीटर बघायला आलेय म्हणून नाही. मला ही बंधनं फार आवडली. सिनेमातले हॅकर वगैरे सगळे एका फटक्यात कटाप. उरलं काय, तर बघणं, ऐकणं, लक्षात ठेवणं आणि चहाला नाही न म्हणणं.

मोलकरणीवरून आठवलं. आपल्या महाराष्ट्रातल्या डिटेक्टिव्ह रजनी पंडित, त्यांचा तो किस्सा बऱ्याच जणांनी वाचला असेल, एका खुनाच्या केसमध्ये त्या संशयित बाईच्या घरी सहा महिने कामाला राहिल्या होत्या. सहा महिने! मी माझ्या घरची भांडी सहा दिवस सलग घासली तर बोलून दाखवते. आणि त्याच्याही शंभराहून जास्त वर्षं आधी, १८५६ मध्ये, शिकागोत केट वॉर्न नावाची बाई पिंकर्टनच्या डिटेक्टिव्ह एजन्सीत नोकरी मागायला गेली तेव्हा साहेबाला वाटलं ही कारकुनीच्या जागेसाठी आलीये. तिने सांगितलं की मला डिटेक्टिव्हच व्हायचंय, जिथे तुमची माणसं पोचू शकत नाहीत तिथे बाई पोचते, गुन्हेगाराच्या बायकोशी, मैत्रिणीशी बोलू शकते. त्याने घेतलं तिला. पुढे १८६१ मध्ये लिंकनला बाल्टिमोरमध्ये मारायचा कट आहे अशी कुणकुण लागली तेव्हा रात्रीच्या ट्रेनमधून त्याला आजारी भाऊ म्हणून गुपचूप नेणाऱ्यांत ही होती, बहीण बनून. म्हणजे होणारा राष्ट्राध्यक्ष शालीत गुंडाळलेला पेशंट आणि शेजारी काळजीत पडलेली ताई, तिकीट चेकर काय बोलणार! लंडनमध्ये तर १८६४ मध्येच बाई डिटेक्टिव्ह असलेली दोन पुस्तकं बाजारात आली होती, आणि तेव्हा तिथल्या पोलिसात एक बाई नव्हती. लेखक लोक पोलिसांच्या पुढे होते त्या बाबतीत.

आपल्याकडे रहस्यकथा कमी होत्या असं मुळीच नाही, बाबूराव अर्नाळकरांनीच हजाराच्या वर लिहिल्या, माझे आजोबा लायब्ररीतून आणून एका बैठकीत संपवायचे. पण झुंजार काय, काळा पहाड काय, लक्षात राहिलेली नावं सगळी पुरुषांची. आणि खरं बघाल तर चौकशी हा आपल्याकडे कायमच बायकांचा प्रांत होता. स्थळ आलं की मुलाच्या ऑफिसात कोण ओळखीचं आहे, त्याच्या आधीच्या चाळीत कोण राहायचं, आई कजाग आहे का, मुलगा घेतो का, हे सगळं आत्या, मावशी, मामी दोन दिवसांत काढून आणायच्या. फुकट. आज याच कामाचे खासगी एजन्सीवाले भरपूर पैसे घेतात आणि त्यांचा बराचसा धंदा लग्नाआधीच्या चौकश्यांवरच चालतो. कुंदाच्या पण पहिल्या दोन केसेस तसल्याच आहेत, मी पटकन उरकल्यात त्या, कारण मुलगा लबाड निघणं यात आता कोणाला धक्का बसत नाही.

आता जाऊबाई. हा माझा आवडता भाग आहे त्यामुळे जरा पाल्हाळ लागेल.

डिटेक्टिव्ह असला की त्याच्यासोबत एक माणूस लागतो, जो प्रश्न विचारतो आणि वाचकाला गोष्ट सांगतो. मी खूप विचार केला, मैत्रीण ठेवू, भाचा ठेवू, रिक्षावाला ठेवू. भाचा सगळं मोबाईलवर शोधून देईल मग कुंदा काय करणार. मैत्रीण फार कौतुक करेल. आणि मग सुचलं, जाऊ! कुंदाची धाकटी जाऊ शोभा, एकाच बिल्डिंगमध्ये वरखाली राहतात, पंचवीस वर्षांचं एकमेकींचं सगळं पाठ आहे, सासूबाईंच्या पाटल्या कोणाला मिळाल्या हा विषय अजून मिटलेला नाही, आणि हीच गोष्ट सांगते. म्हणजे निवेदन शोभाचं. ती कुंदाला वहिनी म्हणते, अहोजाहो करते, आणि प्रत्येक कौतुकाच्या वाक्याला शेपटाकडे एक चिमटा असतो. रोनाल्ड नॉक्स म्हणून एक इंग्रज पाद्री होता, तो स्वतः रहस्यकथा लिहायचा, त्याने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम काढले होते. त्यातला एक नियम असा की डिटेक्टिव्हच्या बावळट मित्राने मनात येणारी कुठलीही गोष्ट वाचकापासून लपवायची नाही आणि त्याची अक्कल साधारण वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचित कमी पाहिजे. पाद्रीबुवांना जाऊ नव्हती. माझी शोभा सगळं लपवते, अक्कल स्वतःची जास्त आहे असं तिला ठाम वाटतं आणि अर्ध्या वेळा ती बरोबर असते.

एक तुकडा टाकते, म्हणजे अंदाज येईल:

"वहिनींनी प्रधान काकांच्या दाराला नाक लावलं आणि म्हणाल्या, शोभा, चार दिवसांत इथे चहा झालेला नाही. आता बंद दारातून चहा न झाल्याचा वास कसा येतो हे मी विचारलं नाही कारण विचारलं की त्या सांगत बसतात. मी नुसतं म्हटलं, दूधवाल्याने पिशवी टाकली नाहीये चार दिवस, ती रिकामी टोपली बघा ना दारावरची. वहिनी म्हणाल्या, तेच म्हणतेय मी. त्या नेहमी तेच म्हणत असतात, मी म्हटल्यानंतर."

हे माझ्या स्वतःच्या मोठ्या जाऊबाईंनी वाचलं. डोंबिवलीला असतात त्या. फोन करून म्हणाल्या, "छान लिहिलंयस, फक्त मी कधी दाराला नाक लावलंय ते सांग." मी सांगितलं की वहिनी ही काल्पनिक आहे. तर म्हणाल्या, "हो का, मग पाटल्या कुठून आल्या कादंबरीत?" असो.

मुख्य केस अशी. बिल्डिंग नौपाड्यातली, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, प्लास्टर पडतंय, चोवीस फ्लॅट, आणि विषय अर्थातच रिडेव्हलपमेंट. ठाण्यात राहणाऱ्या माणसाला रहस्यकथेसाठी याहून चांगला विषय मिळणार नाही, कारण यात पैसा आहे, वैर आहे, म्हातारी माणसं आहेत, कॉर्पसचे, म्हणजे बिल्डर सभासदांना देतो त्या रकमेचे, आकडे आहेत आणि प्रत्येकाकडे हेतू आहे. रिडेव्हलपमेंटसाठी सरकारचे जे नियम आहेत, ४ जुलै २०१९ चा जीआर, त्यात एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते, आधी हे प्रमाण जास्त होतं. मी चोवीस फ्लॅट मुद्दाम घेतले. चोवीसचे ५१ टक्के म्हणजे बारा पूर्णांक काहीतरी, म्हणजे तेरा माणसं पाहिजेत. बारा जण हो म्हणतायत, अकरा नाही म्हणतायत, आणि चोविसावे प्रधान काका, वय एकोणऐंशी, एकटे राहतात, कोणालाच काही बोलत नाहीत. रविवारी सभा आहे. बुधवारी प्रधान काका गायब.

चौकीत मिसिंगची तक्रार द्यायला गेले तर हवालदार विचारतो की घरात झटापट झाली का, सामान गेलं का, तर नाही. छत्री गेलीये फक्त आणि ती सुद्धा एप्रिलमध्ये. बिल्डिंगमध्ये बोंब सुरू होते, बारावाले म्हणतात अकरावाल्यांनी पळवलं, अकरावाले म्हणतात बिल्डरने पळवलं, कोणीतरी म्हणतं हिमालयात गेले. आणि कुंदा शांतपणे आपली वही उघडते. प्रधान काकांनी मागच्या आठवड्यात आरडीचे सहा महिन्यांचे हप्ते एकदम आगाऊ भरलेले असतात. असे आगाऊ भरले की पोस्ट थोडी सूटही देतं, पण वीस वर्षांत या माणसाने एकदाही ते केलेलं नाही, दर महिन्याच्या पाच तारखेला सुट्टे पैसे मोजून पाकिटात तयार. ज्याला पळवून नेतात तो आधी आरडी भरून ठेवत नाही. म्हणजे काकांना माहीत होतं की आपण नसणार आहोत. हा क्लू मला लोकलमध्ये सुचला तेव्हा मी ऐरोलीला उतरायच्या ऐवजी रबाळ्याला उतरले इतकी खूश झाले होते.

दुसरा क्लू पण सांगून टाकते, कारण नाव सांगत नाहीये. या नियमांमध्ये असं आहे की विकासक निवडायच्या सभेला निबंधक कार्यालयाचा अधिकारी हजर पाहिजे आणि सभेचं व्हिडिओ शूटिंग करायचं. म्हणजे सरकारनेच मला पुरावा आयता करून दिलाय! रविवारची सभा होते, काका येत नाहीत, बारा विरुद्ध अकरा, ठराव पडतो. त्या शूटिंगची कॉपी कुंदा मिळवते आणि दोघी जावा रात्री बसून बघतात, सव्वादोन तासांचं शूटिंग, त्यातला पाऊण तास माईक चालू आहे का यातच गेलाय. तर त्यात काय दिसतं, की अधूनमधून सगळेच्या सगळे दाराकडे बघतायत, प्रधान आले का, प्रधान आले का. हो म्हणणारे बघतायत, नाही म्हणणारे बघतायत, चहा देणारा पोरगा सुद्धा बघतोय. एकच जण पूर्ण सव्वादोन तासांत एकदाही दाराकडे बघत नाही.

आणि हे शोभाला आधी दिसतं, कुंदाला नाही. यावर पुढे दोन प्रकरणं भांडण आहे.

आता खून का नाही ते सांगते, कारण यावरून माझे वाद झालेत. लोकांना वाटतं हलकंफुलकं म्हणजे विनोद घालायचे आणि रक्त काढून टाकायचं. मला तसं नाही वाटत. खुनाच्या गोष्टीत गुन्हेगार सापडला की पोलीस त्याला घेऊन जातात आणि गोष्ट संपते, तो परत कोणाच्या नजरेला पडत नाही, सगळ्यांची सुटका. माझ्या गोष्टीत गुन्हेगार सापडतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तो दुधाची पिशवी घ्यायला खाली येतो. कुंदापण खाली आलेली असते. आता काय बोलणार? त्याची बायको कुंदाची पंधरा वर्षांची आरडीवाली, त्याच्या मुलीच्या बारशाला कुंदा कुंची घेऊन गेलेली, गणपतीत आरतीला तो टाळ वाजवणार आणि हिला त्याच्याच शेजारी उभं राहायचंय. गुन्हा तरी काय, तर एका म्हाताऱ्या माणसाच्या मनातली भीती ओळखून त्याला चार खोटी वाक्यं सांगितली. कलम कुठलं लावणार त्याला? पण ज्याच्या बाबतीत झालं त्याच्यासाठी ते मोठंच आहे, एकोणऐंशीव्या वर्षी माणूस घर सोडून निघून गेला. मला हे लिहायला खुनापेक्षा अवघड जातंय, खरंच. सत्य कळल्यावर कुंदाने ते सभेत उघड करायचं की त्या माणसाला एकट्याला जिन्यात गाठायचं की नुसतं बायकोकडून पुढचा हप्ता घेताना अशा नजरेने बघायचं की त्याला कळलं पाहिजे, यावर मी तीन वेगवेगळे शेवट लिहून बसलेय. शोभाचं मत आहे सभेत सांगा, शूटिंग चालू असताना. शोभा तशीच आहे.

पाठलाग मात्र पाहिजेच होता मला, पाठलागाशिवाय डिटेक्टिव्ह काय. पण ठाण्यात पाठलाग कसा करायचा ते सांगा. घोडबंदर रोडवर संध्याकाळी गाडीने पाठलाग म्हणजे दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या, काच खाली करून विचारता येईल की काय हो, पुढे कुठे जाणार. स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर गर्दीतच माणूस हरवतो. शेवटी मी ट्रान्सहार्बर लोकलमध्ये ठेवला, माझा रोजचाच रूट. संशयित ठाण्याला नऊ दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून वाशी गाडी पकडतो, जनरल डब्यात. दोघी जावा लेडीजमध्ये. आता बायकांच्या डब्यातून पुरुषांच्या डब्यातला माणूस कुठे उतरतो हे कळणार कसं? जाळीपलीकडे बघावं तर मध्ये दहा पाठी उभ्या. म्हणून शोभा प्रत्येक स्टेशनला दारातून लटकून बाहेर बघते, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, आणि दारातल्या बायका तिला शिव्या घालतात की उतरायचं नाही तर दारात कशाला, आणि ती त्यांना सांगू शकत नाही, आणि मग घणसोलीला एक बाई हळूच विचारते, "नवरा आहे का?" शोभा बेधडक हो म्हणते. मग काय विचारता, अख्खा डबा कामाला लागतो. पुढच्या दारातल्या बायका ओरडून सांगतात निळा शर्ट अजून आत आहे, कॉलेजच्या पोरी फोटो काढून दाखवतात हाच का, एक कोळीण टोपली बाजूला करून जागा करून देते, आणि तुर्भ्याला तो उतरतो तेव्हा वीस पंचवीस बायका एका आवाजात, "उतरला गं उतरला!" तो माणूस दचकून वळून बघतो. पाठलाग फसला. हे प्रकरण लिहिताना मी गाडीतच हसत होते आणि समोरची बाई जरा सरकून बसली. एकच अडचण आहे, मी हा मसुदा सुरू केला तेव्हा ठाणे ऐरोलीच्या मध्ये काही नव्हतं, जानेवारी २०२४ पासून दिघा गाव स्टेशन झालंय, त्यामुळे शोभाला अजून एकदा लटकवावं लागणार.

फ्लेमिंगोंचा पण सीन होता एक, ऐरोलीच्या खाडीवरचा, बोटीतून. काढून टाकला. सुंदर होता पण कुंदा तिथे करत काहीच नव्हती, नुसती बघत होती.

तर आता गाडी कुठे अडलीये ते. घरात माझी पहिली वाचक म्हणजे सासूबाई. आईंनी आयुष्यभर रहस्यकथा वाचल्यात, त्यांना मी प्रिंट काढून देते मोठ्या अक्षरात. परवा दुपारी त्यांना अर्धी कादंबरी दिली आणि मी चहा ठेवायला आत गेले तर चहा उकळायच्या आत हाक आली, "अगं, हा तर तो दुसऱ्या मजल्यावरचा." मी म्हटलं आई, अजून शूटिंगचं प्रकरण पण आलं नाहीये, तुम्हाला कसं कळलं. तर म्हणाल्या, "तो म्हणतो मी दोन महिने ठाण्याच्या बाहेर पाऊल ठेवलेलं नाही आणि मुलगी पास झाली म्हणून कंदी पेढे वाटतो. कंदी पेढे सातारचे हे शेंबडं पोर सांगेल. प्रधानांची बहीण साताऱ्याला असते असं तूच पहिल्या पानावर लिहिलंयस." मी म्हटलं ठाण्यात पण मिळतात हो सगळे पेढे आता. "मिळत असतील," आई म्हणाल्या, "पण बाई लिहिणारी आहेस तू, उगाच कंदी कशाला लिहिशील?"

बरोबर आहे त्यांचं. म्हणून आता सातारा काढायचा आणि पेढे पण काढायचे, पण त्यांच्या जागी काय आणायचं हेच ठरत नाहीये. काका दुसरीकडे कुठेतरी पाठवायचे आणि तिथून परत येताना त्या माणसाने काहीतरी आणलेलं पाहिजे, जे लक्षात तर राहील पण गावाचं नाव ओरडून सांगणार नाही. चिक्की आणली की लोणावळा. चिवडा म्हटलं की नाशिक. नागपूरला पाठवला तर संत्रा बर्फी. कोकणात पाठवला तर आंबापोळी नाहीतर कोकम येणारच, रिकाम्या हाताने कोकणातून परत येणारा माणूस कोणाला पटेल का. आपल्या महाराष्ट्रात गुपचूप जाऊन यायची सोयच नाही, पिशवी बोलते. नवरा म्हणाला की बिस्किटाचा पुडा दे त्याच्या हातात, पण मुलगी पास झाली म्हणून बिस्किटं वाटणारा माणूस तर त्याहून संशयास्पद. सध्या मी त्याच्या हातात डझनभर केळी दिलीयेत, पण आई विचारणार की केळी वसईची का जळगावची, मला आत्ताच ऐकू येतंय.